५जी दिसतंय पण नेट चालत नाही: दुकानात यायच्या आधी हे करून बघा

कराडला माझं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. फुटलेला डिस्प्ले आणि न होणारं चार्जिंग सोडलं तर गेली दोन-तीन वर्षं सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य एकच, "दादा, वर ५जी दिसतंय पण काहीच उघडत नाही". रोज तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून काढतोय. यातलं बहुतेक काम फुकटात आणि घरच्या घरी होतं, माझ्याकडं यायची गरज शेवटी शेवटी पडते.

आधी तुमची तक्रार यातली कुठली ते बघा.

- वर ५जी, काड्या फुल्ल, तरी व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो नुसता गोल गोल फिरतोय
- अंगणात, गच्चीवर भन्नाट, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की मेलं
- दिवसा कामाच्या ठिकाणी मस्त, रात्री घरी ठप्प, आणि बारा वाजून गेले की आपोआप सुरळीत
- कॉल आला की नेट बंद, किंवा समोरच्याला तुमचा फोन बंदच लागतो
- फोन ५जी, गावात ५जी, शेजाऱ्याला ५जी, तुम्हालाच कधी येत नाही
- चिन्ह ५जी-४जी-५जी असं नाचतंय, फोन तापतोय, दुपारपर्यंत बॅटरी साफ
- फोन पडल्यापासून, भिजल्यापासून किंवा काच बदलल्यापासून सुरू झालंय

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट खाली "इथं थांबा" या फोन उघडायच्या भागावर जा, उगाच सेटिंगमध्ये बोटं घालत बसू नका. बाकीच्यांनी क्रमाने करा.

ते वरचं ५जी म्हणजे नक्की काय

एवढं समजून घेतलं की निम्मं काम झालं. आपल्याकडं ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, एअरटेलच्या पहिल्या आठ शहरांत आपली मुंबई आणि नागपूर होती, जिओने त्याच आठवड्यात दसऱ्याला मुंबई धरून चार शहरांत चाचणी चालू केली, व्होडाफोन-आयडिया बरंच मागून म्हणजे मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून आलं. पण सगळ्यांचं ५जी एकाच पद्धतीचं नाही. एक असतं स्टँडअलोन, म्हणजे ५जीचा संसार स्वतंत्र, जिओने पहिल्यापासून हे घेतलं. दुसरं नॉन-स्टँडअलोन, यात फोनची मूळ नाळ ४जीलाच जोडलेली असते आणि जास्त डेटा लागला की बाजूने ५जीची गाडी लावून मिळते, एअरटेलने सुरुवात याने केली. आता या दुसऱ्या प्रकारात गंमत अशी आहे की ४जीचा टॉवरच फोनला सांगतो, "माझ्याकडं ५जी जोडायची सोय आहे हां", आणि नुसतं तेवढं ऐकून बरेच फोन वर ५जी लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात त्या क्षणी तुम्ही साध्या ४जीवर असू शकता. म्हणजे हायवेला "गरम वडापाव" अशी पाटी असते ना, तशी ती पाटी आहे, आत कढई पेटलीय का ते आत गेल्यावरच कळतं.

दुसरी गोष्ट लहरींची. ५जीचा खरा वेग ज्या पट्ट्यात मिळतो तो ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, त्याची लहर जेमतेम ९ सेंटीमीटरची, ती स्लॅब आणि विटांच्या भिंतीत दम तोडते. २०२२ च्या ५जी लहरींच्या लिलावात खासगी कंपन्यांपैकी एकट्या जिओने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, त्याची लहर ४३ सेंटीमीटरच्या आसपास, ती घरात बऱ्यापैकी शिरते पण तिथं जागा कमी असल्यामुळे वेग बेताचाच.

आणि तिसरी गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. टॉवर बोलतो शे-दोनशे वॅटच्या आवाजात आणि तुमचा फोन उत्तर देतो साधारण २०० मिलिवॅटने, काही फोन त्याच्या दुप्पट. जत्रेत माइकवरून हरवलेल्या पोराचं नाव पुकारतात ते तुम्हाला लांबून स्वच्छ ऐकू येतं, पण तुम्ही गर्दीतून "आलो आलो" ओरडलात तर स्टेजवर काय डोंबल ऐकू जाणार? फोनवरच्या काड्या म्हणजे टॉवरचं तुम्हाला किती ऐकू येतंय ते, तुमचं टॉवरला किती जातंय ते काड्या सांगतच नाहीत. म्हणून काड्या फुल्ल आणि नेट शून्य असं होऊ शकतं, त्यात फोनचा काही दोष नसतो.

पहिलं बघा प्लॅन, खरंच सांगतो

हसू नका. तिसरं लक्षण, रात्री ठप्प आणि बारानंतर सुरळीत, हे जवळजवळ नेहमी रोजचा डेटा संपल्याचं असतं. पाटणकडच्या एका गावातला पोरगा, कराडला नोकरीला, माझ्याकडं तीनदा आला. दिवसभर इथं ५जीवर अनलिमिटेड, त्यामुळे हात सैल सुटलेला, घरी गेला की तिथं फक्त ४जी, आणि तिथं रोजचे २ जीबीच. तासाभरात ते संपायचे. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला ८ केबी, १ एमबीचा एक फोटो यायला दोन मिनिटं. त्याला वाटायचं फोन बिघडला, आणि नवीन फोनचा हप्तासुद्धा विचारून आला होता बिचारा.

अजून एक, जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हापासून जिओ आणि एअरटेलचं अनलिमिटेड ५जी रोज २ जीबी किंवा त्याच्या वरच्या प्लॅनलाच आहे. दीड जीबीवाला प्लॅन मारून "मला का येत नाही" विचारणारे आठवड्याला दोन तरी असतात. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तुमचा चालू प्लॅन उघडा आणि त्यात ५जी असं लिहिलंय का ते स्वतः डोळ्यांनी वाचा, रिचार्जवाल्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

मग विमान मोड, आणि मग उंबरठा

विमान मोड चालू करा, मनात तीस आकडे मोजा, बंद करा. हे का करायचं, तर फोन कधी कधी मागे राहिलेल्या लांबच्या टॉवरला चिकटून बसतो, एसटीतून उतरलात तरी तो मागच्या गावातच असतो. मोडने तो सुटतो आणि नव्याने नाव नोंदवतो. त्याने नाही झालं तर एकदा पूर्ण बंद करून चालू करा, आठवडे-आठवडे फोन बंदच न करणारी माणसं आहेत.

मग घराबाहेर या. नुसतं दारात नाही, चांगलं वीस पावलं. बाहेर नेट पळालं तर फोन ठीक, सिम ठीक, प्लॅन ठीक, दोष भिंतीचा आहे, आणि भिंतीला माझ्याकडं इलाज नाही. आमच्याकडं पूर्वीची कौलारू घरं होती त्यात रेंज बरी यायची, आता खाली स्लॅब, वर पत्र्याचं शेड, खिडकीला लोखंडी जाळी, मग लहर शिरणार कुठनं. अशा घरात वायफायचं कनेक्शन घ्या आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, स्वस्तातला खरा उपाय तोच. बाजारात आणि ऑनलाइन बूस्टर म्हणून अँटेना लावलेले डबे मिळतात ते मात्र घेऊ नका. विनापरवाना बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे, शिवाय तो डबा अख्ख्या गल्लीचं नेटवर्क घाण करतो, टॉवरला नुसता गोंगाट ऐकू जातो आणि मग सगळ्यांचीच बोंब.

त्याच वेळी शेजारपाजारचा त्याच कंपनीचा एक फोन घेऊन तिथंच उभं राहून तपासा. त्याचंही रांगत असेल तर टॉवरचा प्रश्न आहे, तुमचा नाही. कधी कधी कारण फारच वेगळं निघतं बरं का. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने विमानांच्या उंचीमापक यंत्राला अडथळा नको म्हणून कंपन्यांना सांगितलं होतं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मधल्या रेषेपासून ९१० मीटरच्या आत ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचे ५जी टॉवर नकोत. तेव्हा पुण्यात विमानतळाजवळ लोहगावला राहणारा माझा मेहुणा कर्वे रोडच्या मित्राशी वेगाची तुलना करून फोनला शिव्या घालायचा.

सेटिंगमधल्या पाच खोड्या

यात खर्च शून्य, फक्त दहा मिनिटं.

एक, नेटवर्कचा प्रकार. सिमच्या सेटिंगमध्ये पसंतीचं नेटवर्क ५जी/४जी/३जी/२जी असं ऑटोवर पाहिजे. कुणीतरी बॅटरी वाचवायला ४जी करून ठेवलेलं असतं आणि विसरलेलं असतं. आयफोनला हे मोबाइल डेटामधल्या व्हॉइस अँड डेटामध्ये आहे.

दोन, डेटा कुठल्या सिमवर आहे. दोन सिमवाल्या काही जुन्या ५जी फोनमध्ये एका वेळी एकाच सिमला ५जी मिळतं, म्हणजे डेटा ज्या सिमवर त्यालाच. घरात वायफाय असताना कोण बघतं डेटा कुठल्या सिमवर आहे ते.

तीन, बॅटरी सेव्हर. बऱ्याच फोनमध्ये तो चालू झाला की पहिला बळी ५जीचाच. नॉन-स्टँडअलोनमध्ये फोनला ४जी आणि ५जी दोन्हीकडं एकदम लक्ष ठेवावं लागतं, त्यात बॅटरी जास्त जाते. तीच गोष्ट उष्णतेची. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर मॅप लावून ठेवलेला फोन तापला की तो स्वतःच ५जी सोडून देतो, थंड झाला की परत येतो, त्याला बिघाड म्हणत नाहीत. फक्त गार करायला फ्रिजमध्ये ठेवू नका, आतल्या ओलाव्याने बोर्ड गेलेला एक फोन मी हाताळलाय.

चार, व्होल्टे, काही फोनमध्ये एचडी कॉलिंग किंवा ४जी कॉलिंग असं लिहिलेलं असतं. कॉल आला की नेट बंद पडतं त्यांनी हे बघाच. ४जी मुळात फक्त डेटासाठी बनलेलं, त्यात जुन्यासारखी कॉलची वेगळी लाइनच नाही, कॉलसुद्धा डेटाच्या पाकिटांतून जातो आणि त्यालाच व्होल्टे म्हणतात. ते बंद असेल तर कॉलपुरता फोन २जीवर उतरतो आणि नेट तिथंच लटकतं. आणि जिओला २जी-३जी कधी नव्हतंच, ते सप्टेंबर २०१६ ला आलं तेच नुसतं ४जी घेऊन, त्यामुळे व्होल्टे बंद म्हणजे कॉलच बंद. समोरच्याला तुमचा फोन बंद लागतो तो बऱ्याचदा यामुळे.

पाच, प्रायव्हेट डीएनएस आणि व्हीपीएन. याची एक आठवण सांगतो. एक निवृत्त मास्तर आले होते, दोन सिम बदलून झालेली, एक कंपनी बदलून झालेली, तरी नेट नाही. मी विचारलं घरचं वायफाय चालतं का, तर म्हणे या फोनवर तेही नाही, बाकी सगळ्यांच्या फोनवर चालतं. तिथंच ट्यूब पेटली. मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही एकाच फोनवर बंद असेल तर नेटवर्कचा संबंधच नसतो. पुतण्याने जाहिराती बंद करायला प्रायव्हेट डीएनएसमध्ये कसला तरी पत्ता घालून दिलेला, तो पत्ता बंद पडलेला. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा पोस्टमन, तोच मेला तर रस्ता कितीही रुंद असू दे. ऑटोमॅटिक केलं, दहा सेकंदांत धडाधड दोनशे मेसेज आले, त्यात निम्मे गुड मॉर्निंगचे. पैसे घेतले नाहीत, पेढे मात्र आले.

मुद्दाम ४जीवर टाकून बघा

मला विचाराल तर निदानाची ही सगळ्यात कामाची पायरी आहे आणि हीच लोक करत नाहीत, कारण ५जी फोनला ४जी करणं म्हणजे अपमान वाटतो. नेटवर्कचा प्रकार ४जी करा, दोन मिनिटं थांबा, वेग मोजा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामकाचं मायस्पीड अ‍ॅप आहे, ते वापरा किंवा दुसरं कुठलंही, फक्त डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका, अपलोड आणि पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, बघा. ओरडून उत्तर देण्याचं जे वर सांगितलं ते अपलोडमध्ये दिसतं. ५जीवर डाउनलोड शंभर एमबीपीएसच्या वर आणि अपलोड अर्धा एमबीपीएससुद्धा नाही असं आलं तर तुम्ही टॉवरच्या काठावर आहात, वेबसाइटचं पान मागवायची विनंतीच वर पोचत नाही तर ते पान खाली येणार कसं.

आता निकाल असा लावा. ४जीवर नीट चाललं आणि ५जीवर नाही, तर त्या जागेपुरतं ४जीवरच ठेवा, फोन धडधाकट आहे. दोन्हीवर रांगलं आणि त्यातही रात्री आठ ते अकरा जास्त, तर टॉवरवर गर्दी आहे, नॉन-स्टँडअलोनमध्ये ४जीची नाळच तुंबली की वरचं ५जी शोभेचं. दोन्हीवर, कुठंही, कधीही नाही, तर पुढं चला.

आकडा वाचायला शिका

काड्यांवर विश्वास ठेवू नका, किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या ते प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग, फोनबद्दल, सिमची स्थिती, तिथं सिग्नलची ताकद डीबीएममध्ये असते. किंवा डायल करा *#*#४६३६#*#*, बऱ्याच फोनवर माहितीचं पान उघडतं, सॅमसंगला *#००११#, आयफोनला *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबा. नुसतं वाचा, तिथलं काही बदलू नका.

आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८०-८५ पर्यंत झकास, उणे १०० म्हणजे चालवून घ्या, उणे ११० च्या पलीकडं रडगाणं, १२० ला जवळजवळ संपलंच. दहाचा फरक छोटा वाटतो पण तो दहापट असतो, उणे ९० आणि उणे १०० यात सिग्नल दहापट कमी झालेला असतो. माझ्या स्वतःच्या घरात खिडकीत उणे ९१ येतं आणि मधल्या खोलीत कपाटाजवळ उणे ११४, अंतर चौदा फूट. म्हणून बायको सगळे व्हिडिओ कॉल खिडकीत बसून करते आणि अख्ख्या गल्लीला माहेरच्या बातम्या कळतात.

फोनला ते ५जी येतं का मुळात

पाचव्या लक्षणवाल्यांसाठी. खोक्यावर ५जी लिहिलंय म्हणजे सगळ्यांचं ५जी येतं असं नाही. २०२०-२१ मध्ये आपल्याकडं ५जी नसतानाच ५जी म्हणून फोन विकले गेले, त्यात काहींना एन७८ हा, म्हणजे वर सांगितलेला ३३०० मेगाहर्ट्झवाला, एकच पट्टा होता, ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ नव्हता. मग त्यावर घरात जिओचं ५जी टिकत नाही. काहींना स्टँडअलोन मागाहून अपडेटमधून आलं. आयफोन १२ घ्या, २०२० चा फोन, पण भारतात त्यावर ५जी चाललं ते डिसेंबर २०२२ मध्ये आयओएस १६.२ आल्यावर. म्हणून आधी सॉफ्टवेअर अपडेट करा, वायफायवर, चार्जिंग लावून. मग कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचे पट्टे बघा, आणि मॉडेल नंबर तंतोतंत बघा, परदेशातून पाहुण्याने आणलेल्या फोनचा नंबर एका अक्षराने वेगळा असतो आणि पट्टेही.

बीएसएनएलवाल्यांनी मात्र ५जी न येण्यावरून फोनला दोष देऊ नये, त्यांचं स्वदेशी ४जीच देशभर २७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झालं.

जुना फोन घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, घ्या आणि केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला फोन कितीही रिपेअर केला तरी नेटवर्क पकडत नाही. आणि कुणी आयएमईआय बदलून देतो म्हणाला तर तिथून उठा, २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

एपीएन, सिम, रीसेट

एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटचं दार. ते चुकलं की रेंज फुल्ल, कॉल व्यवस्थित, नेट शून्य. नंबर पोर्ट केल्यावर जुन्या कंपनीचं एपीएन तसंच राहिलेलं मी बऱ्याचदा बघितलंय. एपीएनच्या पानावर डिफॉल्ट रीसेट असतं ते दाबा, हाताने लिहायची वेळ आलीच तर जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. प्रोटोकॉल आयपीव्ही४/आयपीव्ही६ दोन्ही ठेवा.

सिम काढा, कोरड्या मऊ कापडाने पुसा, दुसऱ्या खाचेत घाला. मग तेच सिम घरातल्या दुसऱ्या ५जी फोनमध्ये घाला आणि त्यांचं तुमच्यात. ही अदलाबदल म्हणजे पंचनामाच. दोष सिमबरोबर गेला तर सिम बदला, फोनबरोबर राहिला तर फोन. कात्रीने कापून लहान केलेली दहा-बारा वर्षं जुनी सिमं अजून वापरतात लोक, ती बदलाच. बाकी जिओ-एअरटेलचं चालू ४जी सिम ५जीला चालतं, "सिम ५जीला अपग्रेड करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोर आहे, ओटीपी दिलात की तुमचा नंबर त्याच्या हातात आणि मागोमाग बँक. असं झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

नेटवर्क सेटिंग रीसेट शेवटी करा. फोटो-मेसेज जात नाहीत पण वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात, पासवर्ड आधी लिहून ठेवा. फॅक्टरी रीसेट मी या तक्रारीसाठी सांगत नाही, त्याने हे बरं झालेलं क्वचितच बघितलंय आणि बॅकअप न घेता फोटो घालवून बसलेले बरेच बघितलेत.

इथं थांबा

सिम बदलून, जागा बदलून, रीसेट करूनही दोष फोनबरोबरच राहत असेल तर आता हात लावू नका. वॉरंटी असेल तर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, आमच्यासारख्याकडंसुद्धा नाही, एकदा उघडला की वॉरंटीचा वाद सुरू. यूट्यूब बघून हेअर ड्रायरने मागची काच सोडवू नका, बॅटरीला तापवून टोचलं तर आग लागते.

फोन उघडल्यावर आम्ही आधी काय बघतो तर अँटेनाची वायर. शेवयाच्या काडीएवढी बारीक काळी किंवा पांढरी वायर असते, खालच्या पट्टीवरून वरच्या बोर्डाकडं जाते, टोकाला मोहरीएवढं गोल पितळी बटण. ते बसताना बोटाला टक् असं जाणवतं. घाईत काच बदलणाऱ्याकडून ते नुसतं टेकवलेलं राहतं, चार दिवस चालतं, मग खिशात हलून सुटतं. एक बाई अशाच आल्या, दुसरीकडून मागची काच बदललेली, तेव्हापासून उणे ११८ च्या वर सिग्नल नाही. उघडला, बटण दाबलं, टक्, उणे ९२. काम दोन मिनिटांचं, पण पुन्हा गोंद लावून दाबून ठेवायला अर्धा तास. काच बदलायच्या आधी आणि नंतर दुकानात उभं राहूनच डीबीएमचा आकडा बघायची सवय लावा, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी.

वायर ठीक असेल आणि फोन भिजलेला किंवा आपटलेला असेल तर बोर्डवरच्या नेटवर्क आयसीचं, म्हणजे सिग्नल सांभाळणाऱ्या चिपचं, काम निघतं. ते मायक्रोस्कोपखालचं काम आहे, मी स्वतः ते करत नाही, पुढं पाठवतो. आधी खर्च लिहून घ्या, फोनच्या आजच्या किमतीच्या अर्ध्याच्या वर गेला तर मी तरी नको म्हणतो.

आणि दोष टॉवरचा निघाला तर १९८ ला तक्रार करा, फोन फुकट आहे. "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका, जागा, वेळ, डीबीएम, ४जी आणि ५जी दोन्हीचा वेग असं सांगा, मग समोरचा विमान मोड करा सांगून कटवू शकत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. समाधान नाही झालं तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं ३० दिवसांत जाता येतं. तरीही काही हललं नाही तर पोर्ट करा, पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर १९०० ला एसएमएस, मात्र आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले पाहिजेत. पण पोर्ट करायच्या आधी ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम असलेला कुणाचा तरी फोन मागून आणा आणि रात्री नऊ वाजता आपल्याच स्वयंपाकघरात बसून चालवून बघा.